शेडवरचं पाणी रानात सोडण्याआधी वीस मूग टाका

तासगाव भागात बेदाण्याचा हंगाम संपला की द्राक्षं सुकवण्याआधी ज्यात बुडवतात ते उरलेलं द्रावण, म्हणजे शेडवरचं पाणी, शेडच्या कडेलाच ओततात. लिटरला 25 ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट, 15 मिली डिपिंग ऑइल (द्राक्षं लवकर सुकावीत म्हणून वापरायचं तेल). सामू (pH) 11च्या आसपास, म्हणजे खूपच अल्कधर्मी. आमच्या त्या कोपऱ्यात हरळीसुद्धा उगवेना, आणि हरळी म्हणजे मरता मरत नाही! आता आधी मुगाला विचारतो.

1. दोन कुंड्यांत त्याच रानाची माती, प्रत्येकीत 20 मूग.
2. एकीला विहिरीचं पाणी, दुसरीला शेडवरचं, जसं सोडणार तसंच.
3. पाचव्या दिवशी दोन्हींत किती उगवले ते मोजा. दोन्हींतले दोन-तीन उपटून मुळं बघा. शेडवरच्या पाण्यातली आखूड, तपकिरी टोकांची निघाली तर ते पाणी रानात नको.

मूग चांगले उगवले तरी दरवर्षी एकाच जागी ओतू नका. क्षार साठत जातात.