आधी किर्द, मग खतावणी: कुत्रा अचानक वेगळा वागू लागला तर

आमचा गुंड्या नऊ वर्षांचा असताना सासऱ्यांवर गुरगुरला. ज्यांच्या पायाशी लोळल्याशिवाय त्याची दुपार सरत नसे, त्यांच्यावर. ते नेहमीसारखे फिरायला नेण्यासाठी वाकले, गळ्यातल्या पट्ट्याला हात घातला आणि याने ओठ वर करून दात दाखवले. चावला नाही, पण घरात सगळ्यांचे चेहरे उतरले. मुलगा म्हणाला, "डोक्यावर चढवून ठेवलाय त्याला." नवरा म्हणाला, "वय झालं, चिडचिडा झालाय." मी रागावले. पुढचे तीन आठवडे आम्ही आळीपाळीने त्याच्यावर ओरडत होतो, आणि तेवढे दिवस त्याच्या वरच्या जबड्यातली उजवीकडची मोठी दाढ उभी चिरलेली होती.

मी हिशेब लिहिण्याचं काम करते. आमच्याकडे व्यवहार झाला की तो आधी किर्दीत उतरतो: तारीख, रक्कम, कोणाकडून, कोणाला. कुठल्या खात्यावर टाकायचा ते नंतर, खतावणीच्या वेळी. किर्द न लिहिता परस्पर खातं ठरवणाऱ्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी कामावर ठेवणार नाही. घरच्या कुत्र्याच्या बाबतीत मात्र मी तेच केलं. नेमकं काय घडलं ते न बघता त्याला 'हट्टी' या खात्यावर टाकून मोकळी झाले.

तेव्हा पहिलं काम म्हणजे वही. फोनमध्ये लिहिलंत तरी चालेल, पण लिहा. 'रुसला', 'सूड उगवला', 'मुद्दाम केलं' हे शब्द तिथे नकोत, कारण ती नोंद नाही, निकाल आहे. माझी पहिली नीट नोंद अशी होती (बाबा म्हणजे सासरे): 'संध्याकाळी सव्वासहा. बाबा उजव्या बाजूने वाकले. पट्ट्याला हात लागला. मान डावीकडे फिरवली, ओठ चाटले, मग गुरगुर. हात काढल्यावर लगेच थांबला.' आधी काय झालं, त्याने काय केलं, त्यावर आपण काय केलं, एवढं पुरे. गुरगुरण्याच्या आधीच्या बारीक गोष्टी निसटू देऊ नका: तोंड फिरवणं, भूक नसताना ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, अंग ताठरणं, डोळ्याचा पांढरा भाग कडेने दिसणं. कुत्रा बहुधा आधी यातलंच काहीतरी करून 'नको' म्हणतो, आपल्याला ते ऐकू येत नाही इतकंच. रोजचं खाणं, पाणी, शी-शू आणि झोप यांचीही एकेक ओळ लिहा.

सोबत व्हिडिओ काढा. दवाखान्याच्या टेबलावर कुत्रा घाबरून किंवा उत्साहाच्या भरात लंगडायचाही विसरतो. घरी काढलेला मिनिटभराचा व्हिडिओ, बाजूने चालताना, मागून चालताना, झोपेतून उठताना, पायऱ्या चढताना, डॉक्टरांना आपल्या दहा वाक्यांपेक्षा जास्त सांगतो. फक्त तो मिळवण्यासाठी त्याला मुद्दाम चिडवू नका.

पाच दिवसांत माझ्याकडे ११ नोंदी झाल्या. त्यातल्या ९ वेळा हात उजवीकडून, तोंडाच्या किंवा गळ्याच्या दिशेने आला होता. उरलेल्या दोन वेळा मुलाने ओढाओढीची दोरी पुढे केली होती. वाडगा रोज रिकामा होत होता, म्हणून दाताची शंका आम्हाला आलीच नव्हती. पण निम्मे दाणे जमिनीवर सांडत होते आणि तो ते डाव्या बाजूने चावत होता. हे लक्षात ठेवा: कुत्रा जेवतोय याचा अर्थ त्याचं तोंड दुखत नाही असा होत नाही. दाढ मोडलेली कुत्रीसुद्धा जेवत राहतात.

भूल देऊन एक्स-रे काढला, दाढ काढावी लागली. ही वरची मोठी दाढ कडक हाडं, शिंगं, खूर चावताना चिरते. चघळायला द्यायच्या वस्तूत अंगठ्याचं नख दाबून बघा, खूण उमटली नाही तर देऊ नका. आम्ही शिंग दिलं होतं. वाढदिवसाची भेट म्हणून!

तर खतावणी करताना पहिलं खातं दुखण्याचं उघडा. कुत्रा दुखलं म्हणून कण्हेलच असं नाही. तो सोफ्यावर उडी मारणं सोडतो, बसताना एक पाय बाहेर टाकतो, एकच पंजा चाटत बसतो, डोकं झटकतो, लहान मूल जवळ आलं की उठून जातो. आवाजाची नवी भीतीसुद्धा इथलीच असू शकते. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठातल्या आणि ब्राझीलमधल्या संशोधकांनी आवाजाला घाबरणाऱ्या २० कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या. त्यातल्या निम्म्यांना स्नायूंचं किंवा सांध्यांचं दुखणं होतं आणि त्यांची भीती बाकीच्यांपेक्षा सरासरी चारेक वर्षं उशिरा सुरू झाली होती. संशोधकांचा तर्क असा की दचकलं की अंग आखडतं, आखडलं की दुखतं, आणि कुत्रा त्या दुखण्याची गाठ आवाजाशी बांधतो. आयुष्यभर गडगडाटात घोरत पडलेला कुत्रा सातव्या वर्षी पलंगाखाली शिरू लागला तर आधी त्याचे सांधे तपासून घ्या.

दुसरं खातं पाण्याचं. घरात शू केली की लोक म्हणतात, एकटं ठेवलं म्हणून सूड. कुत्र्याच्या डोक्यात असला हिशेब नसतो. सकाळी मोजून पाणी भरा, मध्ये भराल तेही लिहा, दुसऱ्या सकाळी उरलेलं वजा करा. २४ तासांत वजनाच्या दर किलोमागे १०० मिलीपेक्षा जास्त पाणी जात असेल, म्हणजे १२ किलोच्या कुत्र्याला १२०० मिलीच्या वर, तर तपासणी हवीच. मधुमेह, मूत्रपिंडाचे आजार, कुशिंगचा आजार (शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त होणं), खाजेसाठी चालू असलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या, यातलं काहीही असू शकतं. स्टेरॉइडने भूकही वाढते आणि काही कुत्री चिडचिडी होतात, तेव्हा चालू औषधं डॉक्टरांना सांगा. पाणी तोडून शू थांबवायला मात्र जाऊ नका. आणि पाणी नेहमीइतकंच, पण शू थोडी-थोडी आणि वारंवार, असं असेल तर मूत्रमार्गाचा संसर्ग बघावा लागतो.

नसबंदी न केलेली मादी असेल तर ती माजावर कधी आली होती ते वहीत हवंच. त्यानंतर महिना-दोन महिन्यांत ती खेळणी गोळा करून राखू लागली, कोपरा उकरू लागली, तर ती खोटी गर्भावस्था असू शकते. पण त्याच काळात ती मलूल झाली, पाणी जास्त पिऊ लागली, उलट्या झाल्या, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. बाहेर स्राव दिसलाच पाहिजे असं नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

डोळे आणि कान घरी ढोबळ बघता येतात. कापसाचा बोळा त्याच्या नजरेसमोर खाली सोडा. आवाज होत नाही, त्यामुळे नजर मागे गेली की नाही ते कळतं. आधी अंधारात आणि नंतर उजेडातही अडखळणारा कुत्रा दृष्टी गमावत असू शकतो. कान गेलेला कुत्रा झोपेत हात लावला की दचकून तोंड मारतो. त्याला जमिनीवर थाप देऊन उठवा.

वयाचं खातं दोन्ही टोकांना असतं. लहानपणी शिकलेलं सगळं आठव्या महिन्यात विसरल्यासारखं वागणारं पिल्लू बहुधा वयात येतंय. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात आठ महिन्यांची कुत्री पाच महिन्यांच्या मानाने सांभाळणाऱ्या माणसाचं 'बस' कमी ऐकत होती, परक्या माणसाचं मात्र ऐकत होती. (घरात तेरा-चौदा वर्षांचं मूल असलेल्यांना यात नवल वाटणार नाही.) दुसऱ्या टोकाला आमची आधीची बकुळा. तेराव्या वर्षी ती रात्री तीनला उठून घरभर फिरायची, दाराच्या बिजागरीच्या बाजूला उभी राहून दार उघडायची वाट बघायची. तो मेंदूचा म्हातारपणचा आजार होता. पण तसं म्हणण्याआधी डॉक्टरांनी तिचं रक्त, लघवी, रक्तदाब आणि सांधे तपासले होते. 'वय झालं' हे खातं सर्वांत शेवटी उघडायचं.

घरात काय बदललं तेही लिहा: नवं बाळ, कोणी घर सोडून गेलं, कामाच्या वेळा. पण हे कारण फार सोयीचं असतं. मुलाची रात्रपाळी त्याच महिन्यात सुरू झाली होती आणि आम्ही आठवडाभर त्यावरच समाधान मानलं.

काही वेळा वही बाजूला ठेवून धावायचं असतं. पोट फुगलंय आणि ओकाऱ्या येतात पण बाहेर काही पडत नाही. हिरड्या पांढऱ्या किंवा निळसर आहेत. शू करायला बसतो पण होत नाही. झटका पाच मिनिटांत थांबला नाही किंवा दिवसात दोन आले. गाढ झोपेतही मिनिटाला ३० पेक्षा जास्त श्वास सतत पडतायत. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असलेलं च्युइंगगम किंवा माणसांच्या गोळ्या खाल्ल्याची शंका आहे. यात रात्र काढू नका. मान एकीकडे कलली, डोळे थरथरतायत आणि तोल जातोय, हे कानातल्या तोलाच्या यंत्रणेचं बिघडणंही असू शकतं आणि अनेकदा काही दिवसांत सुधारतं, पण तो निवाडा डॉक्टरांचा.

आणि रेबीज. लस राहून गेलीय किंवा दुसऱ्या प्राण्याने चावल्याचं कळलंय, आणि कुत्रा एकाएकी अंगावर धावतोय किंवा उलट विचित्र गप्प झालाय, लाळ गळतेय, गिळता येत नाही, तर 'घशात काही अडकलंय का' म्हणून तोंडात हात घालू नका. त्याला एका खोलीत बंद करा आणि डॉक्टरांना फोन करा. चावला किंवा ओरखडलं तर जखम १५ मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी स्वतःसाठी लस घ्यायला जा. लक्षणं दिसू लागल्यावर हा आजार जवळजवळ कोणालाच सोडत नाही.

कारण सापडेपर्यंत गुरगुरण्याला शिक्षा नको. ती नोटीस आहे, आणि नोटीस बंद पाडली की पुढच्या वेळी थेट दात लागतात. ज्या गोष्टीवर तो गुरगुरतो ती तेवढे दिवस करूच नका. आम्ही पट्टा काढून छातीचा हार्नेस घेतला. लहान मुलं आणि कुत्रा एकटे एका खोलीत ठेवू नका. आणि आपल्या औषधाच्या डब्यातली आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल त्याला अजिबात देऊ नका.

दाढ गेली तरी हाताची भीती लगेच गेली नाही. जखम दोन आठवड्यांत भरली, पण पुढे अडीच महिने बाबा रोज त्याच्या डाव्या बाजूला जमिनीवर बसायचे, पट्टा शेजारी ठेवायचे आणि तो स्वतः जवळ आला की खाऊ द्यायचे. नंतर पट्टा हातात, मग गळ्याजवळ, मग क्षणभर गळ्याला लावून पुन्हा खाली. एखाद्या दिवशी तो मान फिरवायचा. त्या दिवशी काम तिथेच थांबायचं.

गुंड्या आता अकराचा आहे. गेल्या बुधवारपासून जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबतो आणि आधी उजवा पाय टाकतो. दोन व्हिडिओ काढलेत, शनिवारी दाखवायला नेतेय.