बोलक्या माशाला चॅटबॉट जोडण्यापूर्वीची तयारी

ही तयारी ‘बिग माउथ बिली बास’ या भिंतीवर टांगायच्या गाणाऱ्या माशासाठी लिहिली आहे. २००० सालच्या सुमारास अमेरिकेत अफाट खपलेले हे खेळणे माझ्याकडे तिकडे राहणाऱ्या आतेभावाकडून आले. तोंड आणि मान हलवणारे दुसरे कोणतेही खेळणे असले तरी पुढील बहुतेक गोष्टी त्यालाही लागू पडतील. चॅटबॉटचे खाते काढून सुरुवात करण्याचा मोह होतो, तो आवरावा. ते काम अर्ध्या तासाचे आहे. माशाच्या पोटातल्या कामाला मात्र दोन रविवार सहज लागतात.

मासा उघडण्याआधी मूळ बॅटऱ्यांवर तो एकदा पूर्ण चालवून पाहावा आणि त्याच्या सगळ्या हालचालींचे मोबाइलवर चित्रीकरण करून ठेवावे, कारण पुढे शेपटी कमी का हलते असा प्रश्न पडला, तर ती पूर्वी किती हलत होती याचा पुरावा हाताशी असतो. बॅटरीच्या कप्प्यात पांढरी बुरशी दिसली, तर ती गळलेल्या अल्कलाइन बॅटरीची असते. व्हिनेगरमध्ये किंचित बुडवलेल्या कापसाने पत्र्या पुसून पूर्ण सुकू द्याव्यात. झाकण काढल्यावर कोणती वायर कोठून कोठे जाते याची छायाचित्रे घेतल्याशिवाय एकही वायर कापू नये. जुन्या माशांत तोंड, मान आणि शेपटी यांना तीन वेगळ्या मोटर असतात. नंतरच्या काही माशांत दोनच असून एकच मोटर एका दिशेला फिरली की मान वळते आणि उलट फिरली की शेपटी हलते. आपल्या माशात यांतले काय आहे हे ठरल्याशिवाय पुढची खरेदी करू नये. काढलेला मूळ सर्किट बोर्ड पाकिटात घालून जपून ठेवावा.

खरेदीच्या यादीत रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू (हा एक छोटा संगणक, पुढे त्यालाच ‘पाय’ म्हटले आहे), मोटर ड्रायव्हर (पायच्या संकेतानुसार मोटरला वीज पुरवणारा भाग), छोटा अ‍ॅम्प्लिफायर, मायक्रोफोन आणि दोन अडॉप्टर एवढे धरावे. पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर यासाठी फेरी मारता येते. मोटर थेट पायच्या पिनांना जोडण्याचा विचारही करू नये. त्या पिना ३.३ व्होल्टच्या असून एका पिनेवर सुमारे १६ मिलिअँपिअरपेक्षा अधिक भार टाकू नये असे मानतात, तर मोटरला हलायलाच त्याच्या कितीतरी पट विद्युतप्रवाह लागतो. ड्रायव्हर निवडताना दुकानदार बहुधा एल २९८ पुढे करतो. तो दणकट आहे, पण त्याच्या आतच सुमारे दोन व्होल्ट खर्च होतात. ६ व्होल्टवर चालणाऱ्या खेळण्याला मग चारच उरतात आणि मासा आजारी असल्यासारखा मान हलवतो. टीबी ६६१२ किंवा डीआरव्ही ८८३३ मागावा. दोन्हींत मोटर दोन्ही दिशांना फिरवण्याची सोय असते. तत्पूर्वी मोटरचा दांडा क्षणभर हाताने अडवून ती त्या वेळी किती प्रवाह घेते हे मल्टीमीटरने मोजावे आणि तो आकडा ड्रायव्हरच्या मर्यादेत बसतो याची खात्री करावी.

पायसाठी ५ व्होल्ट, २.५ अँपिअरचा अडॉप्टर स्वतंत्र ठेवावा आणि मोटरसाठी दुसरा घ्यावा, मात्र दोन्हींचे ग्राउंड, म्हणजे ऋण टोक, एकमेकांना जोडलेले असावे. पहिल्या खेपेस मी एकाच अडॉप्टरवर काटकसर केली. माशाने तोंड उघडले की पाय बंद पडून नव्याने सुरू होत असे, आणि ही चूक प्रोग्रॅममध्ये शोधण्यात माझी एक संध्याकाळ गेली.

झीरो २ डब्ल्यूला हेडफोनचे भोक नसते, म्हणून मॅक्स ९८३५७ सारखा डिजिटल अ‍ॅम्प्लिफायर लागतो; माशाचा मूळ स्पीकर फाटलेला नसेल तर तोच वापरावा. मायक्रोफोन मोटर आणि गिअरपासून शक्य तितका दूर ठेवावा. मासा बोलत असताना मायक्रोफोन बंद राहील अशी व्यवस्था आधीच आखावी, नाहीतर तो स्वतःच्याच उत्तराला उत्तर देत बसतो. सतत कान टवकारून नाव पुकारण्याची वाट पाहणारी रचना करण्यापेक्षा पाटीवरची मूळ लाल कळ दाबून बोलण्याची पद्धत मला अधिक पसंत आहे. ती सोपी आहे आणि घरातले इतर बोलणे तीत आपोआप वगळले जाते.

तोंडाच्या हालचालीला मात्र पुरेसा वेळ राखून ठेवावा. १९८५ साली आलेल्या टेडी रक्सपिन या अस्वलाच्या कॅसेटमध्ये एका ट्रॅकवर आवाज आणि दुसऱ्यावर मोटरना द्यायचे संकेत भरलेले असत, त्यामुळे जबडा कधी हलायचा हे आधीच ठरलेले असे. चॅटबॉटचे वाक्य आयत्या वेळी तयार होते, म्हणून आवाजाचे वीस-तीस मिलिसेकंदांचे तुकडे करून प्रत्येकाची तीव्रता काढावी आणि ती ठरावीक पातळीच्या वर गेली की तोंड उघडावे. रामदास पाध्ये यांचा अर्धवटराव आठवावा: त्याचे ओठ अक्षरांचे आकार घेत नाहीत, जबडा फक्त उघडतो आणि मिटतो, तरीही उघडझाप वेळेवर होत असल्याने तो बोलतो हे आपण मानतो. मोटरला हलायला थोडा वेळ लागतो, तेव्हा तिला संकेत आवाजाच्या किंचित आधी जावा, आणि तो किती आधी हे आरशासमोर मासा धरून ठरवावे. तोंड बहुधा स्प्रिंगने मिटते. ते बराच वेळ उघडे धरून ठेवले तर अडकलेली मोटर तापते.

बोलण्याच्या साखळीत उच्चार ओळखणे, उत्तर तयार करणे आणि ते आवाजात आणणे असे तीन टप्पे असतात आणि प्रत्येक टप्पा वेळ खातो. पूर्ण उत्तराची वाट न पाहता पहिले वाक्य तयार होताच ते आवाजासाठी पुढे पाठवण्याची सोय ठेवावी. मधल्या शांततेत शेपटी दोनदा पाटीवर आपटली की मासा विचार करतो आहे असे वाटते आणि वाट पाहणे सुसह्य होते. मासा मराठीत बोलणार असेल तर उच्चार ओळखण्याची चाचणी घरातल्याच आवाजांवर घ्यावी. व्हिस्पर या उच्चार ओळखणाऱ्या मॉडेलला मराठी येते, पण पायवर मावणारी त्याची लहान रूपे मराठीत फार चुकतात, म्हणून हा टप्पा इंटरनेटवरच्या मोठ्या मॉडेलकडे सोपवणे बरे. चॅटबॉटला द्यायची कायमची सूचना कागदावर लिहून काढावी: उत्तर दोन वाक्यांचे असावे, त्यात यादी, तारका किंवा इमोजी नसाव्यात आणि आकडे अक्षरी असावेत. ही सूचना विसरली तर मासा ‘तारका तारका’ असे वाचू लागतो.

चॅटबॉटच्या सेवेची गुप्त किल्ली (आपले खाते ओळखवणारा पासवर्डसारखा मजकूर) प्रोग्रॅममध्ये न लिहिता वेगळ्या फाइलमध्ये ठेवावी आणि महिन्याच्या खर्चाला मर्यादा घालावी. देवनागरी मजकुराला इंग्रजीपेक्षा बहुधा अधिक टोकन (मजकुराचे छोटे तुकडे, ज्यांवर सेवा पैसे आकारते) लागतात, हे हिशेबात धरावे.

घरात लहान मुले असतील तर आणखी एक गोष्ट आधीच ठरवावी. २०१७ साली जर्मनीने ‘माय फ्रेंड केला’ ही बोलकी बाहुली छुपे ऐकण्याचे साधन ठरवून तिच्यावर बंदी घातली. तिचे ब्लूटूथ कोणालाही जोडता येण्याजोगे उघडे होते. आपला मासाही मायक्रोफोन आणि इंटरनेट असलेले यंत्रच आहे. ध्वनिमुद्रण उत्तरानंतर पुसले जाते का आणि सेवा ते स्वतःकडे किती काळ ठेवते हे वाचून घ्यावे, मायक्रोफोनची वायर तोडणारे खरेखुरे बटण पाटीच्या कडेला बसवावे, आणि मोठे माणूस जवळ नसताना मासा बंदच ठेवावा. पाहुण्यांनाही त्याच्याशी बोलण्यापूर्वी तो कोठे जोडलेला आहे हे सांगावे.

मागचे झाकण एवढ्यात स्क्रूने घट्ट करू नये. मासा तासभर अधूनमधून बोलता ठेवावा, मग अडॉप्टर काढून मोटर आणि ड्रायव्हर यांना बोट लावून पाहावे. बोट ठेववत नसेल इतके तापले असतील, तर मोटरचा जोर कमी करून तो तास पुन्हा मोजावा.