कोर्टावरच्या अभ्यासात पक्षकारांना बरोबर घेताना

सांगली जिल्ह्यात दावे का रेंगाळतात याचा अभ्यास करायचा असेल, तर प्रश्नावली छापण्याआधी पक्षकारांना बोलवा. नंतर बोलावलेला माणूस नुसती उत्तरं देतो. काय विचारायचं राहिलंय हे सांगायची वेळ गेलेली असते. दावा किती वर्षं पडून आहे हे राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिडवर, म्हणजे कोर्टांतल्या दाव्यांच्या ऑनलाइन आकडेवारीत, सापडतं. नावाचा पुकारा चुकेल म्हणून एखादी बाई दिवसभर कोर्टाच्या दारातून हलली नाही, हे तिथे सापडत नाही.

गट सहा ते आठ जणांचा ठेवा. एकदोघेच असले तर वकील-प्राध्यापकांपुढे गप्प बसतात. वाटप, पोटगी, मोटार अपघात, फौजदारीतले साक्षीदार असे वेगवेगळे लोक घ्या. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आहे. अपिलासाठी आधी मुंबईचे हेलपाटे घातलेलेही हवेत. वादी-प्रतिवादी दोन्ही बाजू घ्या, पण एकाच दाव्यातले दोघे एका बैठकीत नकोत. माणसं फक्त वकिलांमार्फत शोधू नका, कारण मग खूश अशीलच येतात. तालुका विधी सेवा समितीच्या विधी स्वयंसेवकांनाही विचारा.

शक्यतो निकाल लागलेले पक्षकार निवडा. वकिलाशी झालेल्या बोलण्याला कायद्याचं संरक्षण आहे, संशोधकाशी झालेल्या बोलण्याला नाही. त्यामुळे दावा चालू असेल तर घडलेला प्रसंग आणि पुरावा यांना हात लावू नका. समन्स कधी मिळालं, किती खेपा झाल्या, खर्च किती आला, कोर्टात काय चाललंय ते समजलं का, इतकंच विचारा. आरोपीला आधी त्याच्या वकिलाशी बोलू द्या.

मोबदला म्हणजे बुडालेली पूर्ण दिवसाची मजुरी, एसटीचं भाडं आणि जेवण, आणि तो त्याच दिवशी हातात. पावतीवर ‘अभ्यासगटातील वेळेचा मोबदला’ असंच लिहा, दाव्याचा उल्लेख नको. नाहीतर समोरची बाजू ‘साक्षीचे पैसे घेतले’ म्हणून बोंब मारते आणि ते पक्षकाराला निस्तरावं लागतं. बैठक दोन तासांची, कोर्टाच्या आवाराबाहेर. द्राक्षाची फळछाटणी सुरू झाली की तासगावात कुणाला सवड नसते, हे धरून तारीख ठरवा.

तारखांचा क्रम लोक विसरतात. प्रत्येक दाव्याला मिळणाऱ्या स्वतंत्र, सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांकावरून तारखा काढून समोर ठेवा, पण त्यांवरून माणसाला खोटं पाडू नका. रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या त्या-त्या तारखेच्या नोंदीत, नुसतं ‘तहकूब’ असतं. साक्षीदार सकाळपासून येऊन बसला होता हे पक्षकारालाच ठाऊक असतं. दोन्ही नोंदी शेजारी-शेजारी ठेवा.

नाव गाळलं म्हणजे ओळख लपली असं नाही. ‘तीन भाऊ, सामाईक विहीर’ एवढ्यावर गाव माणूस ओळखतं, म्हणून तपशील बदला. घटस्फोटाच्या कामकाजातला मजकूर छापायला हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ची मनाई आहे.

छपाईच्या किमान पंधरा दिवस आधी मसुदा मराठीत मोठ्याने वाचून दाखवा. ज्याचं वाक्य त्याने काढ म्हटलं की काढा, कारण विचारू नका. तुमचा निष्कर्ष गटाला पटला नाही, तर त्यांचं म्हणणं त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरात छापा.