पावसाळ्याआधी कबड्डी मंडळाने करायची फ्लूची तयारी

आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात जोर धरतो आणि नेमका तेव्हाच मंडळांचा सराव मैदानावरून हॉलमधल्या मॅटवर येतो. लसीचा परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे लागतात, त्यामुळे डॉक्टरांना विचारून लसीचं काम मे-जूनमध्येच उरका. गेल्या वर्षी घेतली होती म्हणून यंदा सुटका नाही. ज्यांना दमा आहे किंवा ज्यांच्या घरी गरोदर बाई, तान्हं मूल, वयस्कर आजी-आजोबा आहेत, त्यांची नावं यादीत आधी घाला. मॅट पुसणाऱ्या काकांना विसरू नका.

कबड्डीत अंतर राखायला सांगणं व्यर्थ आहे. 30 सेकंदांची चढाई, तोंडाने सतत ‘कबड्डी कबड्डी’, समोर सात जण आणि वरून पकड! त्यामुळे तापातलं पोर मॅटवर येऊच नये, याचीच तयारी सगळ्यात मोठी. पोरं ताप लपवतात. आमच्याकडे एकाने निवड चाचणी चुकू नये म्हणून गोळी घेऊन सराव केला आणि आठवड्याभरात निम्मा संघ अंथरुणाला खिळला. त्याच्यावर रागावून काय उपयोग? जागा जाईल ही भीती आम्हीच घातली होती. तेव्हा हंगामाआधी पालकांसमोर स्पष्ट सांगा, की तापामुळे चाचणी चुकली तर ती पुन्हा घेतली जाईल. तसं वहीत लिहून सह्या घ्या. ताप उतरवणारी गोळी न घेता 24 तास ताप नसेल, तरच मॅटवर पाऊल. परतल्यावर पहिले काही दिवस हलकाच सराव. छातीत दुखलं किंवा धाप लागली तर थेट डॉक्टर, कारण फ्लूमुळे क्वचित हृदयाच्या स्नायूलाही सूज येते.

माठावरचा सामाईक पेला काढून टाका, प्रत्येकाची बाटली नाव घालून वेगळी. टॉवेल आणि नी-कॅपही ज्याची त्याची. नळापाशी साबण हवा. पाऊस असला तरी समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या ठेवा. मॅट आणि दारांच्या कड्या रोज पुसा, कडक पृष्ठभागावर हा विषाणू दिवस-दोन दिवस तग धरतो.

बाहेरगावच्या स्पर्धेत पोरं शाळेच्या वर्गात सतरंज्यांवर शेजारी शेजारी झोपतात. आयोजकांकडून एक जादा खोली आधीच मागून घ्या. पिशवीत थर्मामीटर, मास्क आणि तिथल्या डॉक्टरांचा नंबर असू द्या. फ्लूचं औषध पहिल्या 48 तासांत सुरू झालं तर जास्त गुण येतो. मुलांना ॲस्पिरिन देऊ नका. आजारी पोराला घरी पोचवायला कोणाची गाडी निघेल, हे निघण्याआधीच ठरवून ठेवा.