म्हाताऱ्या कोंबड्या आणि ताक

परसातल्या 8 कोंबड्या दोन वर्षांच्या पुढं गेल्या आणि अंड्याचं कवच इतकं पातळ झालं की उचलताना बोट आत जायचं. शेपटीखालची पिसं कायम चिकट. आधी मी शहाणपणा करून उरलेलं दूध पाजलं, हगवण वाढली. दुधातली साखर कोंबडीला नीट पचत नाही, हे तेव्हा कुठं ठाऊक होतं! आई म्हणाली, "अरे, ताक दे." विरजणातले जिवाणू त्या साखरेचा काही भाग आधीच फस्त करतात.

मग सकाळी लेयर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं भरडलेलं खाद्य, बिनमिठाच्या ताकात कालवू लागलो, मुठीत वळेल पण गळणार नाही इतपत. कोंबडीमागे चमचाभर ताक. अर्ध्या तासानं उरलेलं उचलायचं, नाहीतर आंबून बुरशी धरते. भांडं मातीचंच, जस्ताचा पत्रा आंबटानं झिजून ते जस्त पोटात जातं.

आठवड्याभरात विष्ठा बांधून आली. कवच मात्र ताकानं सुधारलं नाही. त्यासाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवला; संध्याकाळी त्यावर नुसती झुंबड. अंडी वाढली नाहीत, रोज 3-4च, पण आता शाबूत हाती येतात. लंगडी तांबडी अजून ताकाला चोच लावत नाही.