घरातील एकच प्रिंटर सर्व संगणकांवरून कसा वापरावा

घरात एक प्रिंटर आणि तीन-चार संगणक असले, की छापायची फाइल पेन ड्राइव्हवर घालून किंवा स्वतःलाच ईमेल करून दुसऱ्या खोलीतल्या संगणकापर्यंत नेण्याची सवय लागते. ही यातायात टाळता येते आणि त्यासाठी बहुधा वेगळा खर्चही करावा लागत नाही. मात्र सेटिंग्ज उघडण्यापूर्वी एक गोष्ट निश्चित करावी, ती म्हणजे प्रिंटरचा यजमान कोण असणार. सगळ्या संगणकांकडून आलेले छपाईचे काम स्वीकारून ते कागदापर्यंत पोहोचवणारे एकच यंत्र घरात असावे, त्याचा पत्ता बदलू नये आणि छपाईच्या वेळी ते जागे असावे. घरगुती नेटवर्कवरील छपाईच्या ज्या तक्रारी मी पाहिल्या, त्यांपैकी बहुतेकींचे मूळ या तीनपैकी एखाद्या अटीत सापडले.

प्रथम प्रिंटरची मागची बाजू पाहावी. तेथे लॅन केबलची खोबण असेल किंवा प्रिंटरला स्वतःचे वाय-फाय असेल, तर यजमान प्रिंटर स्वतःच होय. अशा वेळी तो एका संगणकाला यूएसबीने जोडून तेथून इतरांना देण्यात काही अर्थ नाही. प्रत्येक संगणकाने त्याच्याशी थेट बोलावे. वाय-फायवर जोडताना दोन गोष्टी तपासाव्यात. स्वस्त प्रिंटरांपैकी अनेकांना केवळ २.४ गिगाहर्ट्‌झचे वाय-फाय कळते, म्हणून राउटरवर तो पट्टा चालू असावा. तसेच प्रिंटर राउटरच्या पाहुण्यांसाठी असलेल्या नेटवर्कवर जोडलेला नसावा, कारण त्या नेटवर्कवरील उपकरणांना घरातील इतर उपकरणे सहसा दिसू दिली जात नाहीत.

यानंतरचे काम बहुतेक जण टाळतात आणि पुढे महिनोन्‌महिने त्रास सोसतात. राउटर प्रत्येक उपकरणाला एक आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा ओळखक्रमांक, देतो, तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो आणि हा पत्ता कायमचा नसतो. वीज जाऊन आली, राउटर पुन्हा सुरू झाला, की प्रिंटरला निराळा पत्ता मिळू शकतो आणि संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर काम पाठवत राहतो. प्रिंटर चालू दिसत असूनही संगणक त्याला ‘ऑफलाइन’ म्हणतो, ते बऱ्याचदा यामुळे. यावर उपाय म्हणजे राउटरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन प्रिंटरच्या मॅक पत्त्यासाठी, म्हणजे त्या उपकरणाच्या न बदलणाऱ्या ओळखक्रमांकासाठी, एक आयपी पत्ता राखून ठेवणे. या सोयीला ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ असे किंवा त्यासारखे नाव असते. मॅक पत्ता प्रिंटरनेच छापलेल्या माहितीच्या पानावर मिळतो. मग विंडोजमध्ये प्रिंटर जोडताना आपोआप सापडलेल्या नावावर न थांबता आयपी पत्त्याने जोडण्याचा पर्याय निवडावा, उपकरणाचा प्रकार ‘टीसीपी/आयपी डिव्हाइस’ ठेवावा आणि राखून ठेवलेला पत्ता लिहावा.

आता अधिक कष्टाचा भाग. कॅननचा एलबीपी २९०० किंवा एचपीचा लेझरजेट १०२० यांसारखे केवळ यूएसबी असलेले लेझर प्रिंटर आपल्याकडील असंख्य घरांत आजही उत्तम काम करत आहेत आणि केवळ नेटवर्क नाही म्हणून ते काढून टाकणे मला पटत नाही. त्यांच्यासाठी एखादा संगणक यजमान नेमावा. तो शक्यतो एका जागी असणारा डेस्कटॉप असावा. रोज ऑफिसला जाणारा लॅपटॉप या कामाला निरुपयोगी आहे. राउटरला यूएसबीची खोबण असली, तरी अशा प्रिंटरांसाठी तिच्यावर विसंबू नये, कारण त्यांचे पान तयार करण्याचे बरेचसे काम ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारा संगणकातील प्रोग्राम, करतो आणि राउटरला ते येत नाही. १०२० तर सुरू होताना आपले फर्मवेअर, म्हणजे स्वतःच्या आत चालणारा प्रोग्रामही, संगणकाकडूनच घेतो.

यजमान संगणकावर विंडोज ११ आहे असे धरून सांगतो. विंडोज १० मध्ये शब्द थोडे बदलतात, क्रम तोच राहतो. प्रिंटर यूएसबीने जोडून आधी त्याच संगणकावरून एक पान छापून पाहावे. मग सेटिंग्जमधील नेटवर्कच्या विभागात आपले वाय-फाय किंवा लॅन ‘प्रायव्हेट’ म्हणून नोंदलेले आहे याची खात्री करावी, कारण ‘पब्लिक’ असल्यास विंडोज इतरांना दार उघडत नाही. त्याच विभागातील ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज’मध्ये प्रायव्हेट नेटवर्कसाठी ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ आणि ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ ही दोन्ही बटणे चालू करावीत. पुढे ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’मध्ये आपला प्रिंटर उघडून ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’ निवडावे. येथे पुष्कळ जण ‘प्रिंटिंग प्रेफरन्सेस’ उघडतात आणि हवा तो पर्याय शोधत बसतात. तो तेथे नाही. प्रॉपर्टीजच्या चौकटीतील ‘शेअरिंग’च्या पानावर ‘शेअर धिस प्रिंटर’वर खूण करावी आणि प्रिंटरला रोमन लिपीत, मध्ये जागा न सोडता, एक छोटे नाव द्यावे. विंडोजने आपोआप दिलेले संगणकाचे नाव लक्षात राहण्याजोगे नसते. तेही बदलून पंधरा अक्षरांच्या आतले सोपे नाव ठेवावे.

यानंतर परवानगीचा प्रश्न येतो. पासवर्डची अट असणारे शेअरिंग बंद करून टाका, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नये. त्यामुळे वाय-फायवर आलेल्या कोणालाही तुमच्या संगणकाने शेअर केलेल्या गोष्टींपर्यंत वाट मोकळी होते. त्याऐवजी यजमान संगणकावर केवळ छपाईसाठी एक साधे स्थानिक, म्हणजे त्या संगणकापुरतेच असलेले, खाते उघडावे, त्याला व्यवस्थापकाचे अधिकार देऊ नयेत आणि पासवर्ड मात्र पक्का ठेवावा. संगणक उघडताना आपण जो पिन वापरतो, तो त्या संगणकापुरताच असतो आणि नेटवर्कवर चालत नाही. योग्य पिन टाकूनही नकार का मिळतो, या प्रश्नाचे उत्तर हेच आहे.

आता दुसऱ्या संगणकाकडे वळावे. तेथे प्रिंटर जोडण्याच्या पानावर यादीत नाव दिसले तर उत्तम. न दिसल्यास हाताने जोडण्याचा पर्याय घेऊन ‘सिलेक्ट अ शेअर्ड प्रिंटर बाय नेम’ निवडावे आणि दोन उलट्या तिरप्या रेघा (\\), यजमानाचे नाव, पुन्हा एक उलटी तिरपी रेघ आणि प्रिंटरचे नाव असा पत्ता लिहावा. खात्याचे नाव विचारले गेल्यास आधी यजमान संगणकाचे नाव, मग उलटी तिरपी रेघ आणि मग नव्या खात्याचे नाव लिहावे, आणि ते लक्षात ठेवण्याच्या चौकटीवर खूण करावी.

इथे ११बी ने संपणारी त्रुटी आली, तर घाबरू नये. २०२१ मध्ये विंडोजच्या छपाईव्यवस्थेत ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाने ओळखला गेलेला गंभीर दोष उघडकीस आला. त्या वर्षी छपाईच्या सुरक्षेसाठी अनेक अपडेट आले आणि सप्टेंबरच्या अपडेटनंतर ही त्रुटी अनेकांना भेटू लागली. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यात, एक नोंद बदलून ती घालवता येते, परंतु तसे केल्यास त्या अपडेटने दिलेले संरक्षणच काढून घेतले जाते. आधी दोन्ही संगणकांचे सर्व अपडेट पूर्ण करावेत. तेवढ्याने न भागल्यास दुसऱ्या संगणकावर प्रिंटरचा ड्रायव्हर स्वतंत्रपणे बसवावा, स्थानिक प्रिंटर जोडत असल्याप्रमाणे नवे ‘लोकल पोर्ट’ तयार करावे आणि पोर्टचे नाव म्हणून वरचाच तिरप्या रेघांचा पत्ता द्यावा. खात्याचा पासवर्ड त्यापूर्वी त्याच संगणकाच्या ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मध्ये, म्हणजे पासवर्ड साठवण्याच्या विंडोजमधील सोयीत, नोंदवलेला असावा. हा मार्ग लांबचा वाटतो, पण हट्टी संगणकांवर मी नेहमी याच मार्गाने जातो.

यजमान झोपला की छपाई थांबते. म्हणून वीज जोडलेली असताना तो झोपणार नाही असे पॉवरच्या सेटिंग्जमध्ये ठरवावे; पडदा बंद झाला तरी चालतो. त्यावर कोणी लॉग-इन केलेले असण्याचीही गरज नसते.

मराठी मजकूर छापणाऱ्यांसाठी एक सूचना आवश्यक वाटते. प्रिंटर शेअर केल्याने फॉन्ट शेअर होत नाहीत. युनिकोडमधील मजकुराची सहसा चिंता नसते, परंतु श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली पत्रिका किंवा सोसायटीचे इतिवृत्त तो फॉन्ट नसलेल्या लॅपटॉपवर उघडल्यास पडद्यावर जी विचित्र चिन्हे दिसतात, तीच कागदावर येतात. फॉन्ट असलेल्या संगणकावर फाइलची पीडीएफ करावी आणि मग ती कोठूनही छापावी.

मॅक यजमान असल्यास ‘जनरल’मधील ‘शेअरिंग’मध्ये प्रिंटर शेअरिंग चालू करणे पुरते. लिनक्सवर हेच काम ‘कप्स’ ही व्यवस्था करते आणि तिची सेटिंग्ज ब्राउझरमध्ये ६३१ क्रमांकाच्या पोर्टवर उघडतात. जुन्या यूएसबी प्रिंटरसाठी रास्पबेरी पाय हा छोटा संगणक कप्ससह दिवसरात्र चालू ठेवणे हा फार चांगला उपाय आहे. त्यासोबत ‘अवाही’ ही सेवा चालू असली, की तो प्रिंटर आयफोनलाही दिसू लागतो, जे विंडोजच्या साध्या शेअरिंगने होत नाही. परंतु पाय विकत घेण्यापूर्वी आपल्या प्रिंटरचा ड्रायव्हर त्याच्या एआरएम प्रोसेसरवर चालतो का, हे अवश्य पाहावे. काही कंपन्यांचे लिनक्स ड्रायव्हर केवळ इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरसाठी असतात.

शेवटी, यूएसबीने जोडलेले यंत्र छपाई आणि स्कॅनिंग दोन्ही करणारे असेल, तर वरील पद्धतीने केवळ छपाई वाटली जाते. स्कॅन करण्यासाठी यजमान संगणकापाशीच जावे लागते. मिळालेली फाइल त्याच संगणकावरील शेअर केलेल्या फोल्डरमध्ये ठेवावी आणि छपाईसाठी उघडलेल्या खात्याला त्या फोल्डरची परवानगी द्यावी, म्हणजे ती इतर संगणकांवरूनही उघडता येते.