छाटणीआधी क्रँक उघडायचा असेल तर

गणपती उठले की दिंडोरी-निफाडकडचे ट्रॅक्टर गॅरेजला लागतात. द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की फवारणीच्या ब्लोअरला उसंत नसते, म्हणून इंजिनाचं काम त्याआधीच उरकायचं. क्रँक म्हणजे पिस्टनच्या धक्क्याने फिरणारा इंजिनाचा दांडा, आणि तो ज्यांत फिरतो ती बेअरिंग. नवा बेअरिंग सेट आणायची मात्र घाई करू नका. आधी जुना नीट बघायचाय.

इंजिनाला पाना लावण्यापूर्वी मालकाला बसवून विचारा: भरलेली ट्रॉली कोणत्या गिअरमध्ये ओढता? डिझेल पंप शेवटचा कधी काढला होता? इंजिन तापतं का? मोठ्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर रेटायची सवय बेअरिंगला फार महाग पडते. फेरे कमी झाले की तेलाचा थर पातळ होतो, आणि भार तर तेव्हाच सगळ्यात जास्त असतो. पंपाचं टायमिंग पुढे सरकलेलं असेल तर पिस्टनवरचा धक्काही वाढतो.

चेंबर (इंजिनाखालची तेलाची टाकी) उतरवण्याआधी एक मोठा पुठ्ठा घ्या, त्यावर सिलिंडरचे नंबर टाका आणि वरच्या-खालच्या शेलसाठी (बेअरिंगच्या दोन अर्धगोल पाकळ्या) वेगळे चौकोन आखा. शेल निघाले की पुसण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. खोक्यात एकत्र टाकलेले शेल काहीच सांगत नाहीत.

आता पाहायचं काय? ज्वलनाचा धक्का रॉडच्या (पिस्टन क्रँकला जोडणारा दांडा) वरच्या शेलवर आणि मेनच्या (क्रँकला ब्लॉकमध्ये धरणारं बेअरिंग) खालच्या शेलवर बसतो, म्हणून तिथून सुरुवात करा. फोर स्ट्रोक इंजिन २००० आरपीएमवर असेल तर एकेका रॉडला मिनिटाला १००० धक्के, म्हणजे तासाला ६०,०००. एवढ्या माराने धातू थकतो. तडा पृष्ठभागावर सुरू होतो, खाली उतरतो, शेलच्या पोलादी पाठीजवळ पोचला की आडवा वळतो, दुसऱ्या तड्याला मिळतो आणि मधला तुकडा सुटतो. उन्हाळ्यात गंगापूर धरणाच्या काठचा चिखल तडकतो ना, हुबेहूब तशी नक्षी. सरळ गोल ओरखडे असतील तर तो कचरा. धातू लिंपल्यासारखा पसरला असेल तर तेल कमी पडलं. ही दुखणी वेगळी.

तडे कुठे आहेत ते कागदावर मांडा. मधोमध, रुंद पट्ट्यात असतील तर भार जास्त. एकाच कडेला असतील तर जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) निमुळतं झालंय किंवा शेलची बसणी तिरकी आहे. वरच्या शेलची एक कड आणि खालच्याची विरुद्ध कड गेली असेल तर रॉड वाकलाय, तो तपासून घ्या. एकाच ठिपक्याएवढ्या जागी फुटलं असेल तर शेल उलटा करा. माझ्याकडे एक रॉड दोन हंगामांत दोनदा आला होता. पाठीमागे जुन्या गॅस्केटचा कपटा दबलेला होता, आणि तो मीच राहू दिला होता. सगळी पाठच घासून चकाकत असेल तर शेल घट्ट बसलेला नाही, त्याची उष्णताही रॉडमध्ये जात नाही. मऊ बेअरिंग धातू तापला की आणखी मऊ पडतो आणि लवकर थकतो.

मापाची हत्यारं आदल्या रात्रीच काढून ठेवा: मायक्रोमीटर, बोअर गेज, टॉर्क रेंच. जर्नल दोन्ही टोकांना आणि मध्ये, आडवं-उभं मोजा. ६० मिमीच्या जर्नलला शेलपासून अंदाजे ०.०६ मिमी मोकळीक धरतात, पण शेवटचा शब्द मॅन्युअलचा. उन्हात पडलेला क्रँक लगेच मोजू नका. १५ अंशांच्या फरकाने तो ०.०१ मिमी फुगतो. मोकळीक जास्त झाली तर तेल बाजूने निसटतं आणि सगळा भार छोट्या जागेवर येतो. तेलाच्या गेजवरचं प्रेशर म्हणजे त्या जागेतलं प्रेशर नव्हे, तिथलं कित्येक पट असतं. १८८३ मध्ये इंग्रज अभियंते बोशॅम्प टॉवर यांनी चालत्या बेअरिंगच्या भोकात बूच मारलं, तर तेलाने ते बाहेर ढकललं. मग लाकडी खुंटी मारली, तीही गेली.

एक जुना हट्ट सोडा. बेअरिंगच्या मऊ धातूचा जाड थर जास्त टिकतो असं वाटतं, पण थकव्यापुढे पातळ थरच तग धरतो. म्हणून नवा शेल खरवडू नका, कडा फाइलने घासू नका, पाठीमागे तेल किंवा कागद लावू नका. बसणी धुवा, कोरडी पुसा, तेलाचं भोक भोकासमोर आलंय ना पाहा, क्रँकच्या तेलवाटा ब्रशने साफ करा. बोल्ट टप्प्याटप्प्याने, टॉर्कनेच.

तेल-फिल्टर भरून झाल्यावर स्टॉप नॉब (डिझेल बंद करणारा) ओढून ठेवा आणि थांबत-थांबत स्टार्टर मारा. प्रेशरचा काटा हलला की मगच नॉब आत.